अमेरिकेतील सार्वजनिक भूमी आणि वन्यक्षेत्र परवान्यांची विदागारे

अमेरिकेच्या संघराज्य शासनाच्या मालकीच्या जमिनींच्या हद्दी, त्यांवरील खनिज, चराई व मार्गाधिकार आणि त्या जमिनींवर भटकंतीसाठी जाणाऱ्यांना दिले जाणारे परवाने यांच्या नोंदी आज प्रामुख्याने संगणकीय विदागारांत म्हणजेच डेटाबेसमध्ये ठेवल्या जातात. या सर्व नोंदींचे एकच विदागार नाही. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कायद्यांच्या गरजेतून आणि वेगवेगळ्या खात्यांनी उभारलेल्या अनेक व्यवस्था शेजारी शेजारी चालतात. त्यांतील काही नोंदी केवळ माहितीसाठी असतात. काहींचे स्वरूप मात्र असे आहे, की नोंद वेळेत झाली नाही तर हक्कच उरत नाही. त्यामुळे वरकरणी तांत्रिक वाटणारा हा विषय मालकी, समान संधी आणि निसर्गाची धारणक्षमता या प्रश्नांशी जोडलेला आहे.

संज्ञा आणि व्याप्ती

अमेरिकेत संघराज्य शासनाकडे सुमारे ६४ कोटी एकर जमीन आहे. हे प्रमाण देशाच्या एकूण भूभागाच्या सुमारे २८ टक्के भरते. यातील बहुतांश जमीन चार यंत्रणांकडे आहे : भूमी व्यवस्थापन विभाग (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट), वनसेवा, राष्ट्रीय उद्यान सेवा आणि मत्स्य व वन्यजीव सेवा. भूमी व्यवस्थापन विभागाकडे सुमारे २४.५ कोटी एकर पृष्ठभाग असून भूगर्भातील खनिजांच्या बाबतीत त्याची जबाबदारी सुमारे ७० कोटी एकरांवर पसरलेली आहे. वनसेवेकडे सुमारे १९.३ कोटी एकर जमीन आहे. वनसेवा कृषी खात्याच्या अखत्यारीत येते. उरलेल्या तीन यंत्रणा अंतर्गत व्यवहार खात्याच्या आहेत. नोंदींच्या विखुरलेपणाचे एक मूळ या विभागणीत आहे.

‘वन्यक्षेत्र’ हा शब्द या लेखात ‘विल्डरनेस’ या कायदेशीर संज्ञेसाठी वापरला आहे. त्याचा अर्थ अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असा नाही. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३ सप्टेंबर १९६४ रोजी स्वाक्षरी केलेल्या वन्यक्षेत्र कायद्यानुसार काँग्रेस एखादा प्रदेश वन्यक्षेत्र म्हणून घोषित करते. तेथे सर्वसाधारणपणे रस्ते, मोटारवाहने व यांत्रिक वाहतूक यांना मनाई असते आणि मनुष्य तेथे केवळ पाहुणा मानला जातो. हा कायदा झाला तेव्हा ५४ क्षेत्रांतील सुमारे ९१ लाख एकर जमीन वन्यक्षेत्र ठरली. आज अशी ८०० हून अधिक क्षेत्रे असून त्यांचे एकत्रित क्षेत्रफळ ११ कोटी एकरांच्या पुढे आहे. त्यातील निम्म्याहून अधिक अलास्कात आहे. एखादे वन्यक्षेत्र राष्ट्रीय उद्यानाच्या आत असू शकते, राष्ट्रीय वनातही असू शकते. जमीन ज्या यंत्रणेकडे, परवानाही त्याच यंत्रणेचा असतो.

पाया : मोजणी आणि नोंदवह्या

या विदागारांची रचना समजण्यासाठी संगणकाच्या दोन शतके मागे जावे लागते. १७८५ च्या भूमी अध्यादेशाने सार्वजनिक जमिनीची चौकटीत मोजणी करण्याची पद्धत घालून दिली. सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशा प्रत्येक चौकोनाला ‘टाउनशिप’ म्हणतात. (महाराष्ट्रात हा शब्द गृहसंकुलासाठी रुळला आहे, येथे त्याचा संबंध केवळ मोजणीशी आहे.) टाउनशिपचे ३६ ‘सेक्शन’ होतात आणि प्रत्येक सेक्शन एक चौरस मैल, म्हणजे ६४० एकरांचा असतो. सेक्शनचे पुढे चतुर्थांश, चतुर्थांशाचे पुन्हा चतुर्थांश पाडता येतात. मूळच्या तेरा राज्यांत आणि टेक्सासमध्ये ही पद्धत लागू झाली नाही. पश्चिमेकडील बहुतेक सार्वजनिक भूमी मात्र याच चौकटीत मोजली गेली.

या पद्धतीमुळे जमिनीच्या कोणत्याही तुकड्याला टाउनशिप, रांग आणि सेक्शन यांच्या क्रमांकांनी बनलेला एक पत्ता मिळाला. आजच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक तुकड्याला ओळख-क्रमांक मिळाला. १८१२ मध्ये स्थापन झालेले सर्वसाधारण भूमी कार्यालय (जनरल लँड ऑफिस) जमिनींचे वाटप याच पत्त्यांनी वह्यांमध्ये नोंदवत असे. १९४६ मध्ये हे कार्यालय आणि चराई सेवा यांच्या विलीनीकरणातून भूमी व्यवस्थापन विभाग अस्तित्वात आला आणि त्या सर्व वह्या व मोजणी नकाशे त्याच्याकडे आले. १७८८ पासूनच्या ५० लाखांहून अधिक मालकीविषयक नोंदी आता संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. वंशावळ शोधणारे लोक त्यांचा मोठ्या प्रमाणावर उपयोग करतात.

संगणकीय नकाशावर सेक्शनचा कोपरा अक्षांश-रेखांशाने दाखवलेला असतो; पण कायद्याच्या दृष्टीने मूळ मोजणीदाराने जमिनीवर रोवलेली खूण अधिक प्रमाण मानली जाते. जुनी मोजणी चुकलेली असली, तरी त्या खुणेवर विसंबून ज्यांनी जमीन घेतली त्यांचे हक्क त्या खुणेलाच बांधलेले असतात. वन्यक्षेत्रांच्या हद्दींबाबतही असेच आहे. कायद्यानुसार प्रत्येक क्षेत्राचा नकाशा व लेखी वर्णन काँग्रेसच्या समित्यांकडे दाखल करावे लागते आणि त्या दस्तऐवजांना कायद्याचे बळ असते. संगणकातील हद्द ही त्याची सोयीची प्रत होय. संरक्षित क्षेत्रांचे राष्ट्रीय विदागार अमेरिकेचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण चालवते. अशी विदागारे नियोजनासाठी उपयुक्त आहेत, पण मालकीचा वाद त्यांवरून मिटत नाही.

संगणकीकरण

भूमी व्यवस्थापन विभागाच्या नोंदींचे संगणकीकरण सुरळीत झाले नाही. १९८० च्या दशकात विभागाने जमीन व खनिजांच्या सर्व नोंदी एकाच स्वयंचलित व्यवस्थेत आणण्याचा प्रकल्प हाती घेतला. पंधरा वर्षांहून अधिक काळ आणि सुमारे ४१ कोटी डॉलर यावर गेले. अखेर १९९० च्या दशकाच्या शेवटी प्रकल्पाची मुख्य आज्ञावली विभागाच्या कामाच्या गरजा भागवत नसल्याचे काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने नोंदवले आणि ती गुंडाळावी लागली. त्यानंतर विभागाने जुन्याच विदागारांना नव्या संगणकांवर हलवले. या व्यवस्थेचे ‘एलआर २०००’ हे नाव ‘लेगसी रीहोस्ट’ यावरून आले. जुने तेच नव्या घरात, असे त्या नावातच सांगितलेले आहे. तात्पुरती वाटणारी ही सोय दोन दशके टिकली. २०२० च्या दशकाच्या आरंभी तिची जागा खनिज व भूमी नोंद प्रणालीने घेतली आणि खाणदाव्यांची कागदपत्रे ऑनलाइन दाखल करण्याची सोय झाली.

चराईच्या परवान्यांसाठी स्वतंत्र व्यवस्था आहे. १९३४ च्या टेलर चराई कायद्यातून निघालेले असे सुमारे १८,००० परवाने व भाडेपट्टे आज या विभागाकडे आहेत. कोणत्या पशुपालकाला कोणत्या कुरणात किती जनावरे किती महिने चारता येतील, हे त्यांत ठरते आणि शुल्काची आकारणीही त्यावरूनच होते.

नोंद आणि हक्क

१९७६ पर्यंत सार्वजनिक जमिनीवरील खाणदावे केवळ स्थानिक काउंटी कार्यालयात नोंदवले जात. आपल्याच जमिनीवर किती दावे आहेत आणि त्यांतील किती जिवंत आहेत, हे संघराज्य शासनाला ठाऊक नव्हते. त्या वर्षीच्या संघराज्य भूमी धोरण व व्यवस्थापन कायद्याने दोन गोष्टी केल्या. सार्वजनिक भूमीच्या संसाधनांची सूची तयार करून ती सतत अद्ययावत ठेवण्याचे बंधन शासनावर घातले आणि खाणदावेदारांना दरवर्षी ३१ डिसेंबरच्या आधी विभागाकडे कागद दाखल करण्यास सांगितले. तसे न केल्यास दावा सोडून दिल्याचे मानले जाईल, अशी तरतूद होती.

या तरतुदीची कसोटी ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध लॉक’ या खटल्यात लागली. नेव्हाडातील एक कुटुंब १९६० च्या दशकापासून दहा खाणदाव्यांवर खडी-वाळू काढून उपजीविका करत होते. १९८० मध्ये त्यांनी कागद ३१ डिसेंबर रोजी नेऊन दिले, म्हणजे कायद्याच्या शब्दांनुसार एक दिवस उशिरा. कार्यालयातूनच आपल्याला ३१ तारीख चालेल असे सांगण्यात आले होते, असे त्यांचे म्हणणे होते. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी शासनाच्या बाजूने निकाल दिला. ‘३१ डिसेंबरच्या आधी’ याचा अर्थ ३० डिसेंबरपर्यंत असाच होतो आणि मुदती कठोरच असाव्या लागतात, असे न्यायालयाने म्हटले. साध्या खडी-वाळूवर नवे दावे करणे १९५५ च्या कायद्याने बंद झाले असल्यामुळे त्या कुटुंबाला पुन्हा नव्याने दावा करण्याचा मार्गही उरला नव्हता. कायद्याची शब्दरचना मुळातच अडनिडी होती, हे मान्य करूनही हा निकाल या क्षेत्रात पुढे आधारभूत ठरला.

वन्यक्षेत्र परवाने : कोट्याची मांडणी

खाणदाव्यात नोंद जमिनीच्या तुकड्याची असते. वन्यक्षेत्र परवान्यात ती एका तारखेची असते. एखाद्या दरीत एका रात्री किती माणसे राहिली म्हणजे गवत तुडवले जात नाही, पाणी दूषित होत नाही आणि एकांत उरतो, हा प्रश्न मूलतः पर्यावरणशास्त्राचा व काही अंशी मूल्यांचा आहे. विदागारात त्याला एक पूर्णांक व्हावे लागते : अमुक जागा, अमुक तारीख, इतकी माणसे. हा आकडा कशावर बसवायचा याच्या तीन प्रमुख पद्धती आहेत.

पहिली पद्धत प्रवेशबिंदूंवर आधारलेली आहे. मिनेसोटातील बाउंडरी वॉटर्स हे सुमारे ११ लाख एकरांचे, हजाराहून अधिक सरोवरांचे वन्यक्षेत्र तिचे ठळक उदाहरण आहे. तेथे १९६६ पासून परवाना पद्धत आहे. १ मे ते ३० सप्टेंबर या काळात मुक्कामाच्या प्रवासासाठी प्रत्येक प्रवेशबिंदूवर रोज किती गट सोडायचे हे ठरलेले असते. एका गटात जास्तीत जास्त नऊ माणसे आणि चार होड्या असतात. गटाने नेमलेल्या दिवशी नेमलेल्या बिंदूतूनच आत शिरले पाहिजे. त्यानंतर कुठे जायचे व कुठे तळ ठोकायचा याचे स्वातंत्र्य असते. म्हणजे विदागार फक्त दार राखते, आतील वाटा राखत नाही. आत शिरलेले गट सरासरीने कसे पांगतात याचा अंदाज बरोबर असेल तरच हे जमते. कॅलिफोर्नियातील योसेमिटीमध्येही १९७० च्या दशकात यान व्हान वाख्टेंडोंक यांच्या संशोधनाच्या आधारे पायवाटांच्या आरंभबिंदूंवर कोटे ठरवले गेले. रेंजरच्या देखरेखीखाली ठरावीक वेळापत्रकाने चालायला लावण्यापेक्षा हा मार्ग वन्यक्षेत्राच्या कल्पनेशी अधिक सुसंगत आहे, असे त्याचे समर्थक मानतात आणि त्यात तथ्य आहे.

दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाची जागा आधीच नोंदवावी लागते. माँटानातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात असे आहे. येथे विदागाराचे काम अवघड होते. पाच रात्रींच्या प्रवासातील चौथ्या रात्रीची जागा भरलेली असेल तर अख्खा प्रवास नव्याने आखावा लागतो. तिसरी पद्धत एखाद्या अरुंद जागी मोजणी करण्याची आहे. जॉन म्युअर पायवाटेवरील गर्दी वाढल्यावर २०१५ मध्ये योसेमिटीने डोनाहू खिंडीतून बाहेर पडणाऱ्यांवर दररोज ४५ जणांची मर्यादा घातली. आरंभबिंदूचा कोटा आणि खिंडीचा कोटा असे दोन्ही आकडे एकाच वेळी शिल्लक असतील तरच परवाना मिळतो.

एकाच जागेसाठी दोन ठिकाणांहून एकाच क्षणी मागणी आली तर काय, हा विदागारशास्त्रातील जुना प्रश्न येथे रोज उद्भवतो. शेवटची जागा दोघांनाही दिली तर कोटा मोडतो. म्हणून एखाद्याने जागा निवडताच ती काही मिनिटांसाठी इतरांना बंद केली जाते. त्याने पैसे भरले तर शिल्लक एकाने घटते, न भरल्यास जागा पुन्हा खुली होते. रद्द झालेले परवानेही अशाच रीतीने परत येतात. कागदी वहीच्या काळात ही काळजी एका टेबलामागे बसलेला एक कर्मचारी घेत असे.

वाटप : रांग, प्रतीक्षायादी, सोडत

जागा कमी आणि मागणारे अधिक असतील तर कोणाला द्यायचे याचे उत्तर कोणत्याही विदागारात आपोआप मिळत नाही. ते धोरण म्हणून ठरवून विदागारात घालावे लागते.

ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदीवर खासगी नौकाप्रवास करू इच्छिणाऱ्यांसाठी पूर्वी प्रतीक्षायादी होती. (हा नदीपट्टा घोषित वन्यक्षेत्र नाही, पण परवान्यांच्या इतिहासात त्याचे उदाहरण टाळता येत नाही.) यादी वाढत वाढत वीस वर्षांच्या घरात गेली. लोक प्रवासाची तयारी असो वा नसो, केवळ क्रम मिळावा म्हणून नाव घालत आणि यादी आणखी लांबे. २००६ च्या नदी व्यवस्थापन आराखड्याने ती बंद करून भारित सोडत आणली. अलीकडच्या वर्षांत जो या प्रवासाला गेलेला नाही त्याच्या नावाच्या अधिक चिठ्ठ्या, कमाल पाच, सोडतीत पडतात. यासाठी पूर्वी कोण कधी गेले याची नोंद ठेवणे आवश्यक झाले. न्याय्य वाटपाची किंमत म्हणून व्यक्तीचा इतिहास साठवावा लागतो, तो असा. अशा वैयक्तिक माहितीला १९७४ चा गोपनीयता कायदा लागू होतो.

सोडत आता अनेक ठिकाणी रूढ आहे. योसेमिटीतील हाफ डोम शिखराच्या लोखंडी दोरांवर दिवसाला सुमारे ३०० जणांनाच जाता येते. तेथे २०१० मध्ये परवाने सुरू झाले आणि पहिल्या येणाऱ्याला प्रथम या पद्धतीत जागा झटपट संपून त्यांची पुनर्विक्री होऊ लागल्यामुळे २०१२ पासून सोडत काढली जाते. ४,४२१ मीटर उंचीच्या माउंट व्हिटनीच्या मुख्य पायवाटेवर १ मे ते १ नोव्हेंबर या काळात रोज १०० एकदिवसीय आणि ६० मुक्कामी पदयात्रींना सोडले जाते. योसेमिटीच्या वन्यक्षेत्रात बहुतेक आरंभबिंदूंवर ६० टक्के जागा २४ आठवडे आधीच्या सोडतीतून दिल्या जातात आणि उरलेल्या ४० टक्के सात दिवस आधी खुल्या होतात. लवकर ठरवू शकणारे आणि ऐनवेळी निघणारे, अशा दोन्ही स्वभावांच्या लोकांचा हा विचार आहे.

अ‍ॅरिझोना-युटा सीमेवरील ‘द वेव्ह’ ही वालुकाश्माची लाटांसारखी रचना याबाबत उद्बोधक आहे. तेथे दिवसाला २० जणांनाच प्रवेश होता. २०२१ मध्ये ही मर्यादा ६४ करण्यात आली. यांतील ४८ जागा काही महिने आधीच्या सोडतीत आणि १६ जागा ऐनवेळच्या सोडतीत जातात. ऐनवेळची सोडत पूर्वी जवळच्या कनाब गावात लोकांना समोर बसवून काढली जाई. २०२२ पासून ती मोबाइलवर निघते. पण अर्ज करताना अर्जदार त्या परिसरातील ठरवून दिलेल्या भौगोलिक हद्दीच्या आत असावा लागतो. स्थानिक उपस्थितीची जुनी अट फोनच्या स्थानमापनातून पुढे चालू ठेवली गेली.

रिक्रिएशन.गव्ह

बहुतेक यंत्रणांचे आरक्षण आता रिक्रिएशन.गव्ह या सामाईक संकेतस्थळावर होते. त्याची सध्याची आवृत्ती २०१८ च्या ऑक्टोबरपासून बूझ अ‍ॅलन हॅमिल्टन ही कंपनी शासनाशी केलेल्या करारानुसार चालवते. स्थळांची माहिती खुल्या विदागाराच्या रूपात इतर विकासकांनाही उपलब्ध असते. नव्या आवृत्तीच्या पहिल्याच हिवाळ्यात, ३० जानेवारी २०१९ रोजी, बाउंडरी वॉटर्सचे परवाने खुले होताच बिघाड झाला. ते आरक्षण थांबवून ४ मार्चला पुन्हा सुरू करावे लागले.

मुख्य वाद शुल्काचा आहे. करारानुसार कंपनीला व्यवहारांच्या संख्येनुसार मोबदला मिळतो आणि सोडतीत नाव न निघालेल्यांनाही अर्जशुल्क परत मिळत नाही. सार्वजनिक भूमीवरील शुल्के २००४ च्या संघराज्य भूमी मनोरंजन संवर्धन कायद्याने नियंत्रित होतात आणि त्यासाठी लोकांचे मत विचारात घेणे आवश्यक असते. नेव्हाडातील रेड रॉक कॅन्यनमध्ये वेळेच्या आरक्षणावर लावलेले दोन डॉलरचे शुल्क या प्रक्रियेशिवाय आकारल्याचा निर्णय तेथील संघराज्य जिल्हा न्यायालयाने २०२२ मध्ये दिला.

नोंदीबाहेरचे

आरक्षण करून न येणाऱ्यांमुळे विदागारात भरलेली पायवाट प्रत्यक्षात अर्धी रिकामी असू शकते, तर परवान्याशिवाय शिरलेल्यांची नोंदच नसते. म्हणून परवान्यांच्या आकड्यांवरून वापराचा अंदाज बांधताना प्रत्यक्ष मोजणीची जोड द्यावी लागते. सुरक्षिततेबाबतही एक समज दूर करणे आवश्यक आहे. परवान्यात परतीची तारीख असली, तरी बहुतेक ठिकाणी ती उलटल्यावर आपोआप शोध सुरू होत नाही. शोधपथक निघते ते घरच्यांनी किंवा सोबत्यांनी कळवल्यावर, आणि मग परवान्यातील मार्ग उपयोगी पडतो.

ऑनलाइन आरक्षणाने दूरवरच्या माणसाला समान संधी दिली, असे एक मत आहे. मात्र राष्ट्रीय उद्यानांतील तंबूतळांबाबत माँटाना विद्यापीठातील संशोधकांनी मोबाइल फोनच्या स्थाननोंदींवरून २०२२ मध्ये केलेल्या अभ्यासात, आरक्षित तळांवर येणारे लोक विनाआरक्षण तळांवर येणाऱ्यांपेक्षा सरासरीने अधिक उत्पन्नाच्या भागांतून येतात, असे आढळले. हा अभ्यास वन्यक्षेत्र परवान्यांचा नसला, तरी महिनोन्‌महिने आधी रजा ठरवता येणे आणि वेगवान इंटरनेट असणे या अटी दोन्हीकडे सारख्याच आहेत.

परवान्याच्या नोंदीत प्रत्येक जण ‘अभ्यागत’ असतो. बाउंडरी वॉटर्सचा प्रदेश मात्र ओजिब्वे लोकांनी १८५४ च्या करारान्वये सोडलेल्या भूभागात मोडतो आणि त्या करारात त्यांनी तेथे शिकार व मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेवला आहे. हा हक्क कोणत्याही सोडतीतून आलेला नाही. कोट्याचा हंगाम संपल्यावर, १ ऑक्टोबरपासून ३० एप्रिलपर्यंत, बाउंडरी वॉटर्समध्ये आरक्षणाची गरज नसते. प्रवासी आपला परवाना स्वतःच कागदावर भरतात आणि आत जातात.